चौघांना चालेल असा गेम

...आणि वर मलाच विचारतात, "रेइनो, तू एवढा चिडतोस कशाला?" चिडू नको? अकरा रविवार! तुम्हाला सांगतो, अकरा रविवार झाले, आम्ही चार घोडे, वय वर्षं सत्तेचाळीस प्रत्येकी, कानाला हेडफोन लावून आपापल्या घरी बसतोय, कशासाठी, तर चौघांनी मिळून एक व्हिडिओ गेम खेळायचा म्हणून, आणि अकरा रविवारांत खेळलो किती? शून्य! नुसतं चाललंय, कुठला घ्यायचा, कुठला लावायचा, हा बघ, तो बघ, आणि कुणालाही विचारा, बाबा रे, तुला काय हवंय, की आलंच उत्तर, "मला काय, काहीही चालेल!"

काहीही चालेल! हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं ना, त्याला मला एकदा भेटायचंय. एकदाच.

आता हे तिघे कोण, तर शाळेपासूनचे. इथलेच, थंडर बेचे, एका गल्लीतले, एका बर्फात धडपडलेले. पण मी राहिलो इथे आणि हे गेले तीन दिशांना. मार्सेल गेला हॅलिफॅक्सला, समुद्राकाठी, तिथे त्याची सासुरवाडी. क्लाइड गेला पार दुसऱ्या टोकाला, व्हिक्टोरियाला, फेरीबोटीवर नोकरीला. आणि वेन्डेल गेला रेजायनाला, जनरेटर दुरुस्त करतो. म्हणजे बघा, मार्सेलचं घड्याळ माझ्यापुढे एक तास, क्लाइडचं मागे तीन तास, आणि वेन्डेलच्या गावात घड्याळ बदलतच नाहीत! सगळा देश मार्चमध्ये काटे तासभर पुढे करतो, हे आपले बसलेत ढिम्म! म्हणजे वेन्डेल हिवाळ्यात एक तास मागे, उन्हाळ्यात दोन तास मागे, मी फ्रीजवर तक्ता लावलाय, तुम्हाला खोटं वाटेल. तर या सगळ्या गणितातून हाती लागतात किती तास? दोन! रविवारी दुपारी दोन ते चार. त्याच्या आधी क्लाइड अंघोळीत, त्याच्या नंतर मार्सेल सासूच्या पानावर, आणि सासू पाच म्हणजे पाचला वाढते, तिचे पाच म्हणजे माझे चार, एक मिनिट उशीर झाला तर बटाटे गार आणि सासू गरम.

दोन तास. आठवड्यातून दोन तास! त्यात निवडायचं किती, खेळायचं किती, तुम्हीच सांगा.

बरं, एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, मरू दे, नाही खेळलो तर काय आभाळ कोसळतंय? पण वेन्डेल चाललाय ना! त्याला उत्तरेत नोकरी लागलीय, पार वर, आर्क्टिकमध्ये, हवामान केंद्रावर, जनरेटर सांभाळायला. सहा महिने. आणि तिथे इंटरनेट कसलं, तर दिवसातून एकदा चार ओळींची मेल गेली तर गेली. तिथे गेम नाही, गप्पा नाहीत, काही नाही. त्याने जानेवारीतच सांगितलं होतं, "जायच्या आधी एकदा चौघं बसून काहीतरी खेळूया रे, मस्त, पोटभर." बास, एवढंच. एवढंच मागितलं त्या माणसाने! आणि आमच्याकडे भिजत घोंगडं!

गेम नाहीत म्हणाल तर तसंही नाही. चाळीस आहेत! दर सेलमध्ये घेतो आम्ही. सेल लागला की या मार्सेलला भूत संचारतं. "अरे घ्या घ्या, चौघांनी खेळायचाय, नव्वद टक्के सूट!" घेतला. एकदा तरी उघडला? छे! चौघांनी मिळून हॉटेल चालवायचा एक आहे, चौघांनी मिळून भुतं पकडायचा एक आहे, चौघांनी मिळून सोफा चौथ्या मजल्यावर चढवायचा एक आहे, अहो सोफा! तो खरा चढवायला मी क्लाइडला बोलावलं होतं तेव्हा त्याची पाठ धरली होती, तिथे डॉलर देऊन चढवणार! सगळं पडून आहे. माझी बायको मर्ना मागून जाता जाता बघते आणि म्हणते, "चार टाळकी, चाळीस गेम, आणि तोंडं बघा, मयताला बसल्यासारखी!"

तिला काय जातंय बोलायला. ती तिच्या बहिणींबरोबर पत्ते खेळते. एकच खेळ. तीस वर्षं तोच. ना सेल, ना काही.

आता तुम्ही म्हणाल, मत घ्यायचं होतं. घेतलं ना! चौथ्या रविवारी मी म्हटलं, हे बघा, चार गेम काढलेत, एकेकाने एकेक सुचवलेला, आता गुपचूप मत टाका, बहुमत ते खरं. मतं मोजली. प्रत्येक गेमला एक मत! मी म्हटलं, असं कसं, सगळ्यांनी स्वतःलाच मत दिलं की काय? तर तसंही नाही! मार्सेलने क्लाइडच्या गेमला दिलेलं, का, तर "त्याला बरं वाटावं." क्लाइडने वेन्डेलच्या गेमला, का, तर "तो जाणारे ना." वेन्डेलने माझ्या गेमला, का, तर "रेइनो फार मनाला लावून घेतो." आणि मी... आता मी मार्सेलला दिलं होतं, कारण मला वाटलं त्याला कुणीच देणार नाही. म्हणजे स्वतःला पाहिजे तो गेम सोडून चौघांनी दुसऱ्यालाच... अहो, ही माणसं आहेत की चौकातल्या गाड्या!

तुम्हाला ठाऊकच आहे आमच्याकडे चौकात चार बाजूंना थांबायच्या पाट्या, आणि चारही गाड्या एकदम आल्या की काय होतं. हा त्याला हात करतो, तुम्ही व्हा पुढे. तो याला, नाही नाही, तुम्हीच. सॉरी. अहो सॉरी कशाला, सॉरी. माझ्या बापाला एकदा दवाखान्यात न्यायचं होतं, मुतखडा, तो मागच्या सीटवर बोंबलतोय आणि मी चौकात समोरच्या म्हातारीला हात करतोय, तुम्ही व्हा पुढे! आमच्या रक्तातच आहे हो ते.

मग चक्र आणलं. ते फोनवर असतं ना, फिरवायचं गोल गोल, काटा थांबेल तो गेम. देवाच्या मनात असेल ते! फिरवलं. काटा थांबला भुतांच्या गेमवर. मी म्हटलं, ठरलं! मार्सेल म्हणाला, "चालेल." क्लाइड म्हणाला, "चालेल." आणि वेन्डेल म्हणाला, "चालेऽऽऽल." आता हा लांबलेला चालेल म्हणजे काय, ते लग्न झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "वेन्डेल, तुला भुतं नको आहेत का?" "नाही रे, चालेल ना." "मग असा आवाज काय काढलास?" "कुठला आवाज? मला काय, काहीही चालेल!" झालं! पुन्हा चक्र! पुन्हा आवाज! त्या दिवशी मी ते चक्र सतरा वेळा फिरवलं, तुम्हाला सांगतो, शेवटी माझा अंगठा दुखायला लागला.

नाही म्हणायला एकदा घेऊन लगेच उघडला हो. सातव्या रविवारी. नवा कोरा, अंतराळयान दुरुस्त करायचा. चौघांनी घेतला, आणि दुकानाचा नियम असा की दोन तासांच्या आत खेळून आवडला नाही तर पैसे परत. म्हटलं, उत्तम! आमचे दोन तास, त्यांचे दोन तास! उघडला. तर पहिल्यांदा काय, तर आपापला माणूस बनवा. चेहरा निवडा, नाक निवडा, केस निवडा. झालं की नाही वाटोळं? ज्यांना चाळीस गेमांतून एक निवडता येत नाही त्यांच्यापुढे दोनशे नाकं ठेवली! मार्सेल म्हणतो, "थांबा रे, मला सासूसारखं नाक जमतंय." क्लाइड टक्कल घालू की नको, टक्कल घालू की नको, अरे तुला खरंच टक्कल आहे, गाढवा, घाल ना! वेन्डेल आपला गप बसून भुवया मोजतोय. एक तास पन्नास मिनिटं! यान राहिलं बाजूला, आम्ही अजून आरशापुढे! मग क्लाइड घाबरला, "अरे दोन तास भरत आले, परत करायचा असेल तर आत्ताच करा." मी म्हटलं, परत का करायचा, अजून खेळलोच नाही! तर म्हणे, "हो, पण आवडला नाही तर?" आणि केला! चौघांनी परत केला! मार्सेलची सासू तेवढी गेली अंतराळात.

पण इतकं का, मी विचार केला. इतकी का दातखीळ बसते सगळ्यांची? तर कारण मीच आहे. हसू नका. खरंच मी आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी एक गेम निवडला होता. मी, स्वतः, छातीठोक. "लोनली लेक" नावाचा. गोठलेल्या तळ्यावर बर्फात भोक पाडायचं, उलटी बादली टाकून बसायचं आणि मासे धरायचे. दुकानातल्या चित्रात तळ्यावर चार माणसं बसलेली. चार! मोजून चार! मी म्हटलं, आपणच की हे, लहानपणी याच्याशिवाय दुसरं काय केलं आपण! सगळ्यांना घ्यायला लावला. घेतला, उघडला, आणि कळलं की तो एकट्यानेच खेळायचा गेम आहे. ती बाकीची तीन माणसं नुसती चित्रं. लांब पाठ करून बसतात, हलत नाहीत, बोलत नाहीत. मग काय विचारता! "रेइनो, नावातच लोनली आहे, तेव्हा डोळे कुठे गेले होते?" "रेइनोला विचारा रे, लुडो पण एकट्यानेच खेळतात का?" मला इतकी लाज वाटली, इतकी लाज, की मी शेचाळीस मिनिटांत तो गेम दुकानाला परत केला. तिघांनीही केला. म्हणजे, तिघे म्हणाले की केला.

तेव्हापासून नऊ वर्षं! नऊ वर्षं माझ्या वाढदिवसाला मासा! केक नाही, शुभेच्छा नाहीत, माशाचं चित्र! मर्नाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मार्सेलने भाषणात सांगितलं हो, दोनशे माणसांत! आणि ते बघून बाकीच्यांनी काय धडा घेतला, तर आपण निवडायचं नाही. जो निवडेल तो मेला. त्यापेक्षा, "मला काय, काहीही चालेल!"

तर परवाचा रविवार. शेवटचा. मंगळवारी वेन्डेलचं विमान. मी तर सकाळपासून पिंजऱ्यातल्यासारखा घरात फिरतोय. मर्नाने बेकरीतून येताना पर्शियन आणले होते, आपले गुलाबी आयसिंगवाले गोड पाव, तेसुद्धा गोड लागेनात. ती म्हणाली, "रेइनो, आज तू ठरव आणि सांग. ओरडून सांग. नाहीतर तो पोरगा बर्फात जाईल आणि तुम्ही इथे चक्र फिरवत बसाल." पोरगा! सत्तेचाळीस वर्षांचा! पण खरं होतं तिचं. बरोबर दोनला मी हेडफोन लावला आणि म्हटलं, "ऐका! आज नवीन घ्यायचा नाही, चक्र नाही, मत नाही. वेन्डेल, तू तुझी यादी पडद्यावर दाखव. तुझ्याकडे जे आहे त्यातला एक तू निवड. तू चाललायस, तुझा हक्क आहे." वेन्डेल म्हणाला, "अरे, मला काय..." मी म्हटलं, "ते वाक्य पुरं केलंस तर मी रेजायनाला येऊन मारीन!"

मग दाखवली त्याने यादी. आता ही यादी अशी असते की ज्यात तुम्ही सगळ्यात जास्त तास घातले तो गेम वर. मी बघतो तर पहिल्या ओळीत... लोनली लेक. सहाशे बारा तास.

सहाशे! बारा!

वेन्डेलने पटकन यादी बंद केली. पण आता बंद करून काय उपयोग? मी म्हटलं, "वेन्डेल, तू तो परत केला होतास ना रे?" तो म्हणतो, "म्हणजे... करणारच होतो." मी वाट बघतोय, आता मार्सेल सुटणार, आता वेन्डेलची पिसं काढणार... मार्सेल गप्प! जो माणूस लग्नात गप्प बसला नाही तो गप्प! मी म्हटलं, "मार्सेल? तुझी यादी दाखव." "माझं नेट जरा..." "दाखव!" तीनशे चाळीस तास. "सासरी जेवण झालं की खेळतो रे थोडा, शांत वाटतं." आणि क्लाइड? क्लाइडने न विचारताच सांगितलं, बारीक आवाजात, "अकराशे." अकराशे! फेरीबोटीवर बसून, चहूकडे खरा समुद्र, खरे मासे, आणि हा फोनएवढ्या पडद्यावर बर्फातले मासे धरतोय!

मला काय झालं म्हणून सांगू तुम्हाला. म्हणजे नऊ वर्षं मी ज्या गेमपायी खाली मान घालून फिरलो तो हे तिघे हरामखोर चोरून खेळत होते! एकेकटे! तिघांनी एकमेकांपासूनही लपवलेलं! मी एवढा ओरडलो की मर्ना खालून धावत वर आली, तिला वाटलं मला झटका आला. मी म्हटलं, आला! आला झटका! यांनी दिला!

वेन्डेल म्हणाला, "रेइनो, ओरडू नकोस. खरं सांगू का, मला आज तोच खेळायचाय." मार्सेल म्हणाला, "मलापण." क्लाइड म्हणाला, "मलापण." ऐका! अकरा रविवारांत पहिल्यांदा! तीन माणसांनी तोंड उघडून सांगितलं, मला हे पाहिजे! कुणी म्हटलं नाही, काहीही चालेल! मी म्हटलं, अरे पण तो एकट्याचा गेम! वेन्डेल म्हणाला, "असू दे ना. आपापलं तळं उघडू, आपापल्या भोकाशी बसू, आणि बोलत राहू. खरं मासे धरायला बसलो की दुसरं काय करतो?" बरोबर होतं. मला सुचलं नव्हतं इतकं बरोबर होतं.

मी धावत दुकान उघडलं. शोधतो तर गेम नाही! पुन्हा शोधला. नाही! विकायचाच बंद केलाय, दोन वर्षं झाली. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे राहतो, नवीन कुणाला मिळत नाही. म्हणजे आमच्या चौघांत हा गेम निवडणारा मी, त्याच्यापायी शिव्या खाणारा मी, वाढदिवसाला मासे घेणारा मी, आणि तो नसलेला एकटा... मी! का, तर लाज वाटली म्हणून शेचाळीस मिनिटांत परत केला!

मग काय, बसलो बघत. वेन्डेलने त्याचा पडदा मला दाखवला. निळसर बर्फ, तळं, वारा वाजतोय, आणि लांबवर ती तीन माणसं पाठ करून बसलेली. मार्सेल तिकडून, "लागला रे एक!" क्लाइड, "हळू ओढ, हळू, तुटेल!" जशी खरीच चौघं एका तळ्यावर. एक तास मी कुठल्याच मुद्द्यावर भांडलो नाही. मग वेन्डेल सहज म्हणाला, "ती तिघं दिसतात ना लांब, मी त्यांना नावं दिलीत. काळ्या कोटातला मार्सेल, वाकून बसलाय तो क्लाइड, आणि लाल टोपीवाला तू." मी म्हटलं, मी का लाल टोपीवाला? तर म्हणे, "त्याला कधी मासा लागत नाही, पण तो कधी उठून जात नाही."

मी ताटलीतला पर्शियन उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

चारला पाच मिनिटं होती. हॅलिफॅक्समध्ये बटाटे गार व्हायच्या बेतात होते. वेन्डेल म्हणाला, "रेइनो, शेवटचा गळ टाकतो. आज तू सांग. गेम तू निवडलास ना, आता भोकही तूच निवड. डावीकडचं की उजवीकडचं?" आणि तिघे थांबले. माझ्यासाठी थांबले! नऊ वर्षांनी माझं मत, तेही असं, मानाने विचारलेलं! मर्ना दारात उभी, ती मला खूण करतेय, बोल, बोल! मला ठाऊक होतं हो, डावीकडचंच, डावीकडे खोल पाणी, शेचाळीस मिनिटांत मी तेवढं शिकलो होतो. पण सहा महिने हा माणूस दिसायचा नाही, ऐकू यायचा नाही, आणि डोळे... अहो चष्म्यातून भोकच दिसेना एकसुद्धा! मी तोंड उघडलं, आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, माझ्याच तोंडातून आलं...

"मला काय, काहीही चालेल!"